विंगेतून दिसतं ते

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण. संकेतस्थळासाठी लिहून काढताना थोडं आवरतं घेतलं आहे.)

नमस्कार मंडळी.

आत्ता चहाच्या वेळी मी मुद्दाम तीन-चार घोळक्यांत जाऊन उभा राहिलो. आपल्या कलाकारांनी सहा महिन्यांचे शनिवार-रविवार घालून नाटक बसवलं आणि झकास केलं. म्हटलं, ऐकू या लोक काय म्हणतायत. नाटकाबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. विषय एकच: दुसऱ्या अंकात ते दार उघडलं का नाही? इन्स्पेक्टर खिडकीतून का आला? कुणी म्हणालं, दिग्दर्शकानं तसंच बसवलं होतं. कुणी म्हणालं, छे, सेटवाल्यांचं आणि दिग्दर्शकाचं काल रात्री वाजलं, त्याचा सूड आहे हा. एका काकूंनी तर माझ्या कानात सांगितलं की आतून मुद्दाम कडी घातली होती. कुणी घातली, तेही सांगितलं. ते नाव मी इथं घेणार नाही, कारण आज जेवणात वाढप त्यांच्याकडं आहे.

मला विषय दिला होता ‘मराठवाड्याचा कलावारसा’. तो मी त्या दारापाशीच ठेवला. पडद्यामागं काय घडलं याचं आपल्याला एवढं वेड का, यावर बोलतो. मराठवाडा त्यात येईलच. मी लातूरचा आहे, माझ्याकडून तो टळत नाही.

या विषयातला माझा अधिकार आधी सांगतो. मी प्रॉम्प्टर होतो, म्हणजे नट वाक्य विसरला की बाजूच्या विंगेतून ते पुटपुटणारा. १९८८ साली आमच्या कॉलेजातल्या पोरांनी राज्य नाट्य स्पर्धेत नाटक उतरवलं, केंद्र नांदेड. ज्याला अभिनय येत नाही, गाता येत नाही, पण कुणाचंही अक्षर लागतं, त्याच्या हातात संहिता देऊन त्याला विंगेत उभं करतात. तसा मी उभा होतो. विंगेतून नाटक बाजूनं दिसतं. लोकांना दिसणारा वाडा मला मागून दिसायचा: बांबू, गोणपाट, सुतळीच्या गाठी आणि सेटच्या फळीवर (तिला फ्लॅट म्हणतात) खडूनं लिहिलेलं ‘डावा ३’. मेलेला बाप श्वास घेताना दिसायचा. नायकाची मिशी स्पिरिट गमनं चिकटवलेली. दिव्यांच्या धगीनं तिचं डावं टोक सुटलं, तेव्हा गडी सबंध प्रवेशभर ओठावर बोट ठेवून, मान एका अंगाला वळवून बोलत राहिला. परीक्षकांनी नंतर त्याच्या ‘चिंतनशील लकबी’चं कौतुक केलं. त्याला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात निम्मा वाटा त्या मिशीचा.

तर त्या नाटकाच्या वेळी नायक आणि दिग्दर्शक आठ दिवस एकमेकांशी बोलत नव्हते. एसटीत एक पुढच्या बाकावर, दुसरा मागच्या. निरोप्या मी. “त्याला सांग, दुसऱ्या प्रवेशात पाठ दाखवू नको.” “त्याला सांग, तुझ्या नाटकात बघण्यासारखी तेवढीच आहे.” भांडण नायिकेवरून झालं, हे सगळ्या कॉलेजला पाठ होतं. परवा परवा आमच्या जुन्या ग्रुपवर हा विषय निघाला. चौघांनी चार हकिकती सांगितल्या. एकीत तर पडदा वर गेला तेव्हा दोघांच्या हातात एकमेकांच्या कॉलरी होत्या. एकाही हकिकतीत मी नाही! खरं कारण मला माहीत आहे, कारण निरोप माझ्या तोंडून जात होते. सेट नेणाऱ्या टेम्पोचं भाडं कुणी भरायचं, यावरून बिनसलं होतं. मी तसं लिहिलं. दोन अंगठे आले आणि मंडळी पुन्हा नायिकेवर गेली.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की पडद्यामागचं म्हणून आपण जे चवीनं ऐकतो, तो बहुतेक वेळा दुसरा पडदा असतो. त्याच्यापुढंही कुणीतरी उभं असतं, त्यालाही टाळी हवी असते. खरोखर मागं असतो तो टेम्पो. टेम्पोची गोष्ट कोण ऐकणार?

हे वेड आजचं नाही. आपली मुलं ‘मेकिंग’ बघतात म्हणून आपण नाकं मुरडतो. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि १९१७ साली चित्रपट कसा तयार करतात हे दाखवणारी छोटी फिल्मही काढली. ती थोडी आजही बघायला मिळते. फाळके नटांना हातवारे करून सांगतायत, फिल्म उजेडात धरून बघतायत. चार वर्षं झाली नाहीत तोवर लोकांना आत डोकवायचं होतं आणि फाळक्यांनी ते ओळखलं होतं. फाळक्यांवरच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ या चित्रपटामुळं तर तारामतीचं काम करणारे अण्णा साळुंके हॉटेलात कामाला होते, हे आपल्या घराघरांत माहीत झालं. त्यातले फाळके म्हणजे नंदू माधव, आपल्या बीड जिल्ह्यातले. हे सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही, माफ करा. पण सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडेला भोकं पाडत बसायच्या, सगळ्या कंपनीचा स्वयंपाक बघायच्या. त्यांचं नाव घेतलं की लोक हळहळतात आणि लगेच विचारतात, बायकोचं काम पुरुषानं केलं तेव्हा सेटवर काय गंमत झाली?

आमच्याकडं लहानपणी डोकवायची जागा म्हणजे माळेगावची यात्रा. नांदेड जिल्हा, लोहा तालुका, खंडोबाचं ठाणं. घोडे, गाढवं, उंट आणि तमाशाच्या राहुट्या. पुढं तिकीट होतं, मागं कनातीला भोक होतं. मामाच्या गावची पोरं त्या भोकावर नंबर लावायची. माझा नंबर आला तेव्हा मला काय दिसलं? अर्ध्या चेहऱ्याला रंग लावलेली एक बाई मांडीवर भाकरी ठेवून ठेच्याशी खात होती आणि एक पाय पुढं काढून बसली होती. एक पोरगी त्या पायाला आधी चिंध्या गुंडाळत होती, मग वरून घुंगरांचे चाळ. गुंडाळताना ती मोजत होती, बाई खाता खाता चुकलेला आकडा सांगत होती. पलीकडं एकजण हलगी शेकत बसला होता. बस, एवढंच. मागचं पोरगं मला ढोसत होतं, “काय बघलालास रे एवढा वेळ?” मी म्हटलं, “काही नाही, जेवलालेत.” त्याला ते पटलं नाही. त्यानं डोळा लावला, आणि रात्री त्यानं गावात जे काय सांगितलं ते मला इथं बायाबापड्यांपुढं सांगता येणार नाही.

तमाशातल्या विठाबाई नारायणगावकरांची गोष्ट तुम्ही ऐकलेली असेल. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तशा राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, असं सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेली बाई २००२ साली ओढगस्तीत गेली. ही गोष्ट सांगून मी स्वतः दोन व्यासपीठांवर टाळ्या घेतल्या आहेत, त्याची आता लाज वाटते. कारण गोष्ट आपण नेमकी टाळीपाशी तोडतो. फड दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला निघाला असेल, तेव्हा ते तान्हं कुणाच्या मांडीवर होतं? हे मी विचारलं नाही, कुणी मलाही विचारलं नाही.

राजकारणावर फार बोलत नाही, हॉल आठपर्यंतच आहे. २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट आठवा. शपथविधी काही मिनिटांचा, सरकार चार दिवसही टिकलं नाही, पण आदल्या रात्री कोण कुठं होतं यावर अजून मुलाखती चालल्यात. सांगणाऱ्या प्रत्येकाची रात्र वेगळी. आणि माझी मुलगी मोटारींच्या शर्यतींवरची ती नेटफ्लिक्सची मालिका बघून फॉर्म्युला वनची भक्त झाली, शर्यत एकही न बघता. तिचा लाडका मॅक्स व्हर्स्टापेन मात्र काही काळ त्या मालिकेला मुलाखत द्यायला तयार नव्हता. नसलेली वैरं दाखवतात, असं त्याचं म्हणणं. मी मुलीला म्हटलं, बघ, हा आमच्या टेम्पोच्या बाजूचा माणूस.

आता लातूर. २०१६ च्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. तिला ‘जलदूत’ म्हणत. ती येतानाचे फोटो जगभर गेले. श्रेय कुणाचं, इंजिनावर बॅनर कुणाचा, यावर बातम्या झाल्या, आपणही इथं बसून त्या वाचल्या. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, म्हणजे मालगाडीचे टाकीवाले डबे होते, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर. पण तेल वाहणाऱ्या वाघिणीत पिण्याचं पाणी कसं भरायचं? त्या राजस्थानात कोट्याच्या कारखान्यात नेऊन आतून वाफेनं धुतल्या होत्या. कुणीतरी त्या टाकीत उतरलं असेल, नाक लावून वास गेलाय का बघितलं असेल. ज्या पाण्यानं माझ्या आईनं वरण लावलं, त्याला तेलाचा वास आला नाही, तो त्या माणसामुळं. बॅनरवाल्यांची नावं मला आजही आठवतात.

त्या उन्हाळ्यात आई फोनवर रोज सांगायची, “आहे की पाणी. तू नको जिवाला घोर लावून घेऊ.” व्हिडिओ कॉलवर ती मोबाइल असा धरायची की मला तिचं कपाळ, पंखा आणि कालनिर्णय दिसायचं. मी म्हणायचो, आई, खाली घे जरा. ती काही घ्यायची नाही. दिवाळीत गेलो तेव्हा शेजारच्या मावशी बोलून गेल्या: पलंगाखाली, देवघरापुढं, मोरीच्या तोंडापर्यंत घागरी, कॅन, तेलाचे डबे, अगदी माझा शाळेतला टिफिनसुद्धा भरून ठेवलेला होता. सगळं कॅमेऱ्याच्या खाली. आणि हेही कबूल करतो की त्याच महिन्यांत माझी नोकरी गेलेली होती. कॉलला बसताना मी वर इस्त्रीचा शर्ट घालायचो, खाली लुंगी. तिनं कधी म्हटलं नाही, खाली घे जरा. आमच्या घरात दोन विंगा होत्या, मध्ये समुद्र, आणि प्रॉम्प्टर कुणीच नव्हता.

हे थोडं जड झालं. वेरूळला जाऊ या.

कैलास लेणं तुम्ही बघितलेलं आहे, न बघून सांगता कुणाला! राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, आठवं शतक, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेलं. हे केलं कसं, हा प्रश्न लोकांना तेव्हापासून छळतोय. कथाकल्पतरू या जुन्या मराठी ग्रंथात त्यावर गोष्ट आहे: राणीनं पण केला की कळस बघितल्याशिवाय अन्न घेणार नाही. एवढं देऊळ बांधायचं तर राणी उपाशी मरायची. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर आला, त्यानं वरून कोरायला घेतलं आणि आठवड्यात कळस दाखवला. कामाची पद्धत समजावून सांगायला त्यात उपाशी राणी घालावी लागली. त्याच्याही आधीचा, नवव्या शतकातला बडोद्याचा एक ताम्रपट आहे, राष्ट्रकूटांचाच. त्यात म्हटलंय की ते बांधणारा शिल्पी स्वतःच चकित झाला: हे माझ्या हातून झालं तरी कसं? पडद्यामागच्या माणसाला गाठून विचारलं, तर तोही प्रेक्षकांत येऊन बसला!

अजिंठ्याला मात्र उलटं आहे. शाळेची सहल पहिल्या लेण्यापाशी पद्मपाणीचं चित्र बघायला थांबते, नंतर सगळ्यांना भूक लागते. चोविसाव्या लेण्यात कुणी जात नाही, ते अर्धवट आहे. पुढच्या खेपेला तिथंच जा. पूर्ण झालं असतं तर अजिंठ्यातल्या मोठ्या विहारांत गणलं गेलं असतं. खांब ओबडधोबड, जमीन खाचखळग्यांची, छिन्नीचे घाव तसेच. आज दुपारी काम थांबलं आणि माणसं जेवायला गेली, असं वाटतं. वॉल्टर स्पिंक नावाच्या अमेरिकन अभ्यासकानं आयुष्य या अर्धवटपणावर घालवलं. वाकाटक राजा हरिषेण, त्याचे मांडलिक, शेजारच्या अश्मक राज्याशी आलेलं वितुष्ट, कुणाचं लेणं कधी थांबलं, कुणी घाईनं मूर्ती बसवून घेतली, हे सगळं राजकारण त्यानं कशावरून लावलं? दारं फिरण्यासाठी दगडात केलेल्या खोबणी कुठल्या लेण्यात कशा आहेत, यावरून. दिव्याची काजळी कुठं धरली आणि कुठं नाही, यावरून. त्याचे सगळे निष्कर्ष सगळ्यांना मान्य नाहीत, पण एवढा मोठा कलह ज्याला हवा होता त्यानं राजवाड्यातल्या कुजबुजी शोधल्या नाहीत, तो दाराच्या खोबणीपाशी गुडघ्यावर बसला. माझ्या लेखी तो थोर माणूस आहे, कारण त्याला टेम्पोचं भाडं कळलं.

दारावरून आठवलं. आपला सेट ज्यानं लावला तो मुलगा मागच्या रांगेत बसलाय, मान खाली घालून. मघाशी मी त्याला विंगेत गाठलं. भांडण नाही, सूड नाही, कडी नाही. फळी नवी होती, रंग काल रात्री अकराला दिला, सकाळी पाऊस झाला, लाकूड फुगलं आणि रंगासकट चौकटीला चिकटून बसलं. त्यानं मला पिवळा रंग लागलेली बोटं दाखवली आणि म्हणाला, “काका, हे कुणाला सांगू नका. ती सुडाची गोष्ट जास्त भारी चाललीय.”

चला, पोळ्या गार होतायत. काकू, रांग इकडून की तिकडून?