तीन मुलखांचा कोरा चहा

(दृश्य: तीन पांढऱ्या वाट्या, शेजारी घड्याळ)

सोलापुरात नवी चहा पावडर घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: रंग कसा उतरतो? या तीन वाट्यांत आसाम, निलगिरी आणि दार्जिलिंग आहे. प्रत्येकी 2 ग्रॅम पत्ती, 100 मिलिलिटर उकळतं आरओचं पाणी, वर झाकण, बरोबर 6 मिनिटं. दूध-साखर काही नाही.

आसामचा चहा दाट, तांबडा-तपकिरी. निलगिरीचा लख्ख नारिंगी. दार्जिलिंगच्या वसंतातल्या पहिल्या खुडणीचा मात्र फिकट सोनेरी. ‘याला दमच नाही,’ असं वाटेल. एक घोट घेऊन बघा, जीभ आवळते.

पान चिरडलं की त्यातला रस हवेला लागतो आणि चिरलेल्या वांग्यासारखा काळवंडत जातो. त्यातून दोन रंग घडतात: थिआफ्लेविनचा तेजदार पिवळा-नारिंगी आणि थिआरुबिजिनचा तांबूस तपकिरी. आसामी जातीचं पान मोठं, रंग घडवणारी द्रव्यं त्यात जास्त. शिवाय सीटीसीच्या, म्हणजे पान चिरडून, फाडून, वळवणाऱ्या यंत्राच्या, दातेरी रुळांखाली ते पुरतं चुरडतं. दार्जिलिंगला बरीच झुडपं छोट्या पानाच्या चिनी जातीची. तिथे पहिल्या खुडणीचं पान वळण्याआधीच इतकं सुकवतात की ही क्रिया अर्ध्यावरच थांबते.

(दृश्य: तोच आसाम, दोन वाट्या)

डावीकडे आरओचं पाणी, उजवीकडे बोअरचं. पत्ती, माप, वेळ तीच. तरी उजवीकडचा रंग काळपट, मंद, आणि वर पातळ तवंग. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे रंग गडद होतो, कॅल्शियममुळे तवंग धरतो. अनेकांना हाच चहा कडक वाटतो. लिंबाचे चार थेंब पिळा... बघा, रंग लगेच उजळला. म्हणून दुकानात पसंत पडलेली पावडर घरच्या पाण्यात उतरवूनच ठरवावी. बारीक डस्ट लवकर रंग सोडते, तिची तुलना जाड पत्तीशी करू नये.

आता आरओच्या वाटीत चमचाभर दूध. थिआफ्लेविन भरपूर असेल तर रंग सोनेरी-तांबूस येतो, कमी असेल तर राखट. आपल्याकडे चहा दुधाचाच, त्यामुळे आम्ही या परीक्षेला जास्त मोल देतो.

(दृश्य: पहिली आसामची वाटी, आता निवलेली)

ही वाटी गढुळली आहे. थंड होताना कॅफिन आणि ही रंगद्रव्यं एकमेकांना धरतात. पत्तीत कस असल्याची ही खूण. फेकू नका, गरम केली की पुन्हा नितळ होते.