सारायेवोची हगादा

नमस्कार श्रोतेहो. वल्हांडण या ज्यूंच्या सणाच्या रात्री त्यांच्या घरांत जेवणाआधी जी पोथी वाचतात, ती हगादा. आपल्या बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू, मंडळींसाठी १८७४ साली पुण्यात मराठी हगादा छापली होती, चित्रांत साडी नेसलेल्या बायका! आज मात्र बोस्नियातल्या सारायेवोची हगादा. १३५०च्या सुमारास स्पेनमध्ये वासराच्या कातड्यावर लिहिलेली. पानांवर द्राक्षारसाचे डाग आहेत, म्हणजे पंगतीत वाचलेली पोथी. १८९४ साली ती सारायेवोच्या संग्रहालयानं विकत घेतली.

आता १९४२ साल. शहर नाझींच्या ताब्यात. एक जर्मन सेनापती संग्रहालयात यायला निघाला. ग्रंथपाल होते दर्विश कोरकुत, मुसलमान, मोठे विद्वान. ते संचालकांना म्हणाले, पोथी माझ्याकडे द्या. संचालक घाबरले, जीव जाईल म्हणाले. कोरकुतांनी ऐकलं नाही. पोथी कमरेला खोचली, वर कोट चढवला आणि संचालकांबरोबर सेनापतीसमोर जाऊन उभे राहिले! सेनापतीनं हगादा मागितली. उत्तर मिळालं, आत्ताच तुमचाच एक अधिकारी घेऊन गेला. कोण अधिकारी? साहेब, नाव विचारायची आमची काय प्राज्ञा! अशी ही हकीकत सांगतात. पुढे पोथी डोंगरातल्या एका खेड्यात गेली आणि युद्ध संपेपर्यंत तिथल्या इमामानं मशिदीत लपवून ठेवली, असं म्हणतात. लक्षात घ्या, पोथी ज्यूंची, जपणारे मुसलमान.

आणि आपण ग्रंथपालाला काय समजतो? तारखेचा शिक्का मारणारा माणूस. गावोगावची वाचनालयं अर्ध्या पगारावर चालवून घेतो आपण. मला याचा फार राग येतो.

१९९२ साली सारायेवोला वेढा पडला, तोफा सुरू झाल्या. तेव्हाही पोथी बाहेर काढून बँकेच्या तिजोरीत पोचवली ती एन्वर इमामोविच या मुसलमान प्राध्यापकांनी. दुसऱ्यांदा पुन्हा तेच. पोथी ज्यूंची, जपणारे मुसलमान.

कोरकुतांनी एका ज्यू मुलीलाही बुरख्याआड घरात आसरा दिला होता. त्यासाठी, नाझींनी मारलेल्या ज्यूंची स्मृती जपणाऱ्या इस्राएलच्या याद वाशेम संस्थेनं १९९४ साली कोरकुत पती-पत्नीचा गौरव केला. १९९९ साली कोसोवोच्या युद्धात त्यांची मुलगी बेघर झाली. सोबत होती त्या गौरवपत्राची प्रत. ती तिनं शेजारच्या मॅसिडोनियातल्या स्कोपिये शहरातल्या ज्यू मंडळींना दाखवली, आणि त्यांनी तिला नवऱ्यासह इस्राएलला सुखरूप पोचवलं.