नाहीतरी रक्त काढतोयच की

नमस्कार मंडळी. वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिरजेत हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून आपल्या भागात दवाखाना म्हटलं की मिरज. जत, आटपाडीकडनं लोक येतात, पलीकडं कर्नाटकातनं अथणी, रायबागहून येतात, आणि वॉर्डात त्यांना रात्रंदिवस बघतात ती एमडी, एमएस करणारी पोरंपोरी. या रेसिडेंट डॉक्टरांना डिग्रीसाठी थीसिस करावा लागतो, म्हणजे पेशंटवरचा अभ्यासच, आणि त्याबद्दलच मला आज बोलायचंय. मी डॉक्टर नाही, रिटायर्ड शिक्षक आहे. एका मेडिकल कॉलेजच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे पेशंटवरचा अभ्यास योग्य आहे का हे तपासून परवानगी देणाऱ्या समितीवर, सामान्य माणूस म्हणून बसतो. नियमच आहे तसा, डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार पाहिजे, समाजशास्त्राचा पाहिजे, माझ्यासारखा बाहेरचा पाहिजे, आणि अध्यक्ष तर त्या संस्थेतला चालतच नाही.

पोरं हुशार आहेत. रिसर्चचा ऑनलाइन कोर्स त्यांना आता सक्तीचा आहे, तो करतात, हेलसिंकी जाहीरनामा, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाचे जगभरातल्या डॉक्टरांनी मानलेले नीतिनियम, कधीचा विचारलं तर १९६४ हे लगेच सांगतात. पण कमिटीपुढं आल्यावर एक वाक्य हमखास येतं, "सर, नाहीतरी रक्त काढतोयच की, त्यातलंच पाच मिली जादा घेणार."

इथं मला थांबावंसं वाटतं. सुई एकदाच टोचणार, त्रास काही नाही, हे खरंय. पण त्या मावशींनी हात पुढं केला तो स्वतःच्या उपचारासाठी, तुमच्या थीसिससाठी नाही, आणि हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. बरं सांगितलं तरी सांगणार कोण, तर सकाळी राउंडला येणारा, सलाईन लावणारा तोच डॉक्टर. मग मावशी म्हणणारच की "तुम्ही म्हणाल तसं साहेब." अंगठा उठला, फॉर्म फाइलला लागला. ही संमती नाही हो, उद्या औषध नीट मिळेल ना या काळजीनं दिलेला होकार आहे. हेलसिंकीतच लिहिलंय की पेशंट ज्या डॉक्टरवर अवलंबून आहे त्यानं नव्हे, तर दुसऱ्या जाणकार, त्रयस्थ माणसानं संमती घ्यावी. साल पाठ असतं पण ही ओळ वॉर्डात कुणाला आठवत नाही.

अथणीच्या आजोबांना मराठी फॉर्म देऊन काय उपयोग, त्यांना कन्नडच पाहिजे. वाचता येत नसेल तर सगळं वाचून दाखवायला हवं आणि तेव्हा तिथं अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. हंगामात ऊसतोडीला आलेल्या बायका अॅडमिट असतात, इथं ना घर ना ओळखीचं कुणी, त्या कशाला नाही म्हणतील? आयसीएमआरच्या, म्हणजे देशातल्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी अशा लोकांना जास्त जपायला सांगितलंय.

दुसरी गोष्ट, निम्मा डेटा गोळा करून मग परमिशन मागायला येणं. मागच्या तारखेची परवानगी कमिटीला देताच येत नाही, आणि तेव्हा ते पोर रडकुंडीला येतं, मलाही वाईट वाटतं. सगळा दोष त्यांचा नाही. ड्युटी संपत नाही, सिनॉप्सिसची, म्हणजे थीसिसचा आराखडा द्यायची, तारीख डोक्यावर, आणि सिनियर जसं करतो तसंच ज्युनियर शिकतो. म्हणून गाइडनं, म्हणजे थीसिस करून घेणाऱ्या प्राध्यापकानं, एकदा तरी स्वतः पेशंटजवळ बसून, न घाई करता, संमती कशी घ्यायची हे दाखवावं असं मला फार वाटतं. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, गरमीचा आजार (सिफिलिस) असलेल्या शेकडो काळ्या माणसांना काही न सांगता नुसतं बघत बसले, त्यावरचं औषध पेनिसिलिन आल्यावरसुद्धा दिलं नाही. तेही शिकलेले डॉक्टरच होते.

आणि ऐकणाऱ्यांनो, तुम्हाला कुणी अभ्यासात घेत असेल तर माहितीचा कागद मागून घ्या, घरी नेऊन पोरांना वाचायला सांगा. फक्त अभ्यासासाठी लागणाऱ्या तपासणीचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. मधेच बाहेर पडता येतं, उपचार थांबत नाहीत. कागदावर एथिक्स कमिटीचा फोन नंबर असतो, शंका आली तर सरळ लावा.