झडप गळते, दुखणे स्नायूचे

पडद्यावर दिसते आहे ती एका हृदयाची इकोकार्डिओग्राफी, म्हणजे ध्वनिलहरींनी केलेली तपासणी. ठोका पडताना मायट्रल झडपेच्या दोन पाकळ्या पूर्ण मिटत नाहीत आणि निळ्या-पिवळ्या रंगांत उमटलेला रक्ताचा झोत डाव्या बाजूच्या खालच्या कप्प्यातून उलटा वरच्या कप्प्यात शिरतो. मात्र या पाकळ्या पातळ आणि लवचीक आहेत. संधिवाताच्या तापानंतर झडप जशी जाड होऊन आखडते, तशा त्या नाहीत. इथे गळतीचे मूळ आहे सारकॉइडोसिस, शरीरात जागोजागी दाहाच्या गाठी करणारा आजार.

पाकळ्यांच्या कडांना बारीक, चिवट दोऱ्या असतात आणि त्या हृदयाच्या भिंतीतून वर आलेल्या दोन पॅपिलरी स्नायूंना बांधलेल्या असतात. दर ठोक्याला हे स्नायू आकसून दोऱ्या ताणून धरतात, म्हणून झडप घट्ट मिटते. सारकॉइडोसिसमध्ये रोगप्रतिकारक पेशींच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, या स्नायूंत किंवा त्यांच्या बुंध्याशी असलेल्या भिंतीत तयार झाल्या, की पकड सैल पडते. प्रत्यक्ष पाकळीवर गाठ येणे फार दुर्मीळ. शिवाय कमकुवत झालेला कप्पा फुगला, की पाकळ्या एकमेकींपासून दूर ओढल्या जातात आणि गळती वाढते.

नॉर्वेचे त्वचारोगतज्ज्ञ सीझर बोक यांनी १८९९ मध्ये या आजाराचे वर्णन केले ते त्वचेवरच्या गाठींवरून. आज तो मुख्यतः फुप्फुसांचा आणि लसिकाग्रंथींचा आजार म्हणून ओळखला जातो. हृदयाची लक्षणे सुमारे ५ टक्के रुग्णांत दिसतात, पण शवविच्छेदनात सुमारे २५ टक्के रुग्णांच्या हृदयात गाठी आढळल्या आहेत. या दोन आकड्यांमधले अंतर मला अस्वस्थ करते. दोन खालच्या कप्प्यांमधल्या भिंतीतून हृदयाची विद्युतवाहिनी जाते. तिथे गाठ झाली तर ठोके मंदावतात आणि चाळिशीतला धडधाकट माणूस जिना चढता चढता भोवळ येऊन पडतो. गाठींच्या जागी व्रण राहिला, तर तिथून उठणारी वेगवान, अनियमित धडधड जिवावर बेतू शकते. म्हणून तरुण वयात विनाकारण हार्ट ब्लॉक, म्हणजे हृदयाच्या विद्युतवाहिनीतला अडथळा, आढळला, तर पेसमेकर बसवून न थांबता सारकॉइडोसिसचा शोध घ्यायलाच हवा.

आपल्याकडे हा शोध क्षयरोगाशी येऊन अडखळतो, कारण ग्रॅन्युलोमा दोन्ही आजारांत होतात आणि क्षय नसल्याची खात्री न करता स्टिरॉइड देणे धोक्याचे असते. एमआरआयमध्ये व्रण दिसतात, तर पेट (PET) स्कॅनमध्ये, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य टोचून केलेल्या तपासणीत, धगधगता दाह. पेट स्कॅनच्या आदल्या दिवशी भात, पोळी, साखर, फळे सगळे बंद ठेवून अंडी, पनीर, तूप असा स्निग्ध आहार घ्यायचा आणि मग रात्रभर काहीही खायचे नाही. निरोगी हृदयस्नायू तेव्हा चरबीवर चालतो आणि साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य दाह असलेल्या पेशीच तेवढ्या ओढून घेतात. उपास म्हटला की आपल्या घरात साबुदाणा भिजत पडतो. पण साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, आणि वाटीभर खिचडीने सगळी तपासणी वाया जाऊ शकते. रुग्णाच्या घरच्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगितले गेले पाहिजे.

उपचार प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडपासून सुरू होतात, अनेकदा जोडीला रोगप्रतिकारशक्ती आवरणारे मेथोट्रेक्सेट असते, आणि धोकादायक धडधडीसाठी छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे विजेचा झटका देऊन ठोके ताळ्यावर आणणारे यंत्र, बसवतात. दाह ओसरून स्नायूला बळ आले, तर काही रुग्णांत झडपेची गळतीही कमी होते. त्यामुळे रुग्णाची प्रकृती तेवढा अवधी देत असेल, तर शस्त्रक्रियेचा निर्णय औषधांनंतरच्या इकोकार्डिओग्राफीवर सोपवला जातो.