उजवा रकाना

श्रोतेहो, नमस्कार.

२३ ऑक्टोबर १९८४. बीबीसीवर इथिओपियातल्या दुष्काळाची बातमी लागली. बातमीदार मायकेल बर्क, कॅमेरा मोहम्मद अमीन यांचा. कोरेम गावाबाहेरची थंडगार पहाट आणि माळावर अंगाभोवती कापड गुंडाळून बसलेली हजारो भुकेली माणसं. बर्क मोजकंच बोलतात, बाकीचं दृश्यं सांगतात. त्या काही मिनिटांनंतर जगभरातून मदतीचा ओघ सुरू झाला.

छापील पत्रकारितेच्या हाती असा कॅमेरा नसतो. मग ती काय करते? ३१ ऑगस्ट १९४६ च्या ‘न्यू यॉर्कर’ साप्ताहिकाने जवळजवळ अख्खा अंक जॉन हर्सी यांच्या हिरोशिमावरच्या एकाच लेखाला दिला. बॉम्बच्या ढगाचे फोटो तोवर लोकांनी पाहिले होते. हर्सींनी त्या स्फोटातून बचावलेली सहा माणसं निवडली. सकाळचे सव्वाआठ. कारखान्याच्या कचेरीतली एक कारकून तरुणी नुकतीच खुर्चीत टेकली आहे, शेजारच्या मुलीशी बोलायला मान वळवते आहे. ती वळती मान कुठल्याच कॅमेऱ्याने टिपलेली नाही. ती वाचकाला दिसते, आणि मला विचाराल तर ढगापेक्षा जास्त काळ लक्षात राहते.

रोजच्या बातमीची तऱ्हा वेगळी. छापील बातमी बहुधा उलट्या पिरॅमिडसारखी रचतात. महत्त्वाचं सगळं इंट्रोत, म्हणजे सुरुवातीच्या परिच्छेदात. मग जागा कमी पडली तर उपसंपादक शेपटाकडून कापू शकतो. टीव्हीच्या बातमीचं शेपूट असं तोडता येत नाही. बातमीदार एखादं बोलकं दृश्य मुद्दाम शेवटासाठी राखून ठेवतो. शिवाय वाचक अडला तर मागची ओळ पुन्हा वाचतो. प्रेक्षकाला ती सोय नाही, म्हणून टीव्हीचं वाक्य आखूड हवं आणि त्यात आकडा शक्यतो एकच.

मला मनापासून खटकतं ते पडद्यावर दिसतंय तेच शब्दांत सांगणं. घरात शिरलेलं पाणी मला दिसतं आहे. ते किती वाजता शिरलं, आधी इशारा मिळाला होता का, हे सांगा. तेवढ्यासाठीच तर निवेदन असतं.

टीव्हीची संहिता अनेकदा दोन रकान्यांत लिहितात. डावीकडे दृश्य, उजवीकडे निवेदन. हाडाचा बातमीदार उजवीकडच्या काही ओळी कोऱ्या सोडतो आणि तिथे फक्त लिहितो : मूळ आवाज, पाच सेकंद.