थांब, मी करतो

[दृश्य : अपंगांच्या उन्हाळी शिबिरातला पोहण्याचा तलाव. काठावर रिकामी व्हीलचेअर.]

ही खुर्ची रिकामी आहे, कारण तिची मालकीण पाण्यात आहे. वय वर्षं ११. सेरेब्रल पाल्सीमुळे (जन्माच्या सुमाराला मेंदूला झालेली इजा) तिचे पाय कायम ताठ असतात, गुडघे एकमेकांत अडकतात. जमिनीवर ती कधीच एकटी नसते. कुणाचा ना कुणाचा हात तिच्या काखेत असतोच. आता बघा. अंगात लाईफ जॅकेट आहे, मानेखाली आधाराची कॉलर आहे, हाताच्या अंतरावर एक स्वयंसेविका उभी आहे. पण तिला धरलेलं कुणीही नाही. पाणी मुद्दाम कोमट ठेवलंय. गार पाण्यात तिचे स्नायू आखडतात, कोमट पाण्यात हळूहळू सैल पडतात.

ती पाण्यात कशी उतरली, तो शॉट सहा मिनिटांचा आहे. खुर्चीतून लिफ्टच्या सीटवर, मग पट्टा, मग पाय सरळ करणं, मग इंच इंच खाली. मदतीला दोन माणसं. प्रत्येक टप्प्याआधी दोघं तिला विचारतात, "आता उचलू?" ती मानेने हो म्हणेपर्यंत हात लावत नाहीत. 'यात काही घडतच नाही' म्हणून एडिटिंगला आम्ही ही सहा मिनिटं उडवली होती. दुसऱ्या दिवशी गुपचूप परत घातली.

[दृश्य : सहा मिनिटांचा शॉट, तुकड्यातुकड्याने. आवाज फक्त पाण्याचा.]

शिबिरातल्या मोठ्या माणसांना आम्ही एक प्रश्न विचारला होता : आजवर सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द कोणता? कुणी हसलं, कुणी खांदे उडवले. एका बाईंनी मात्र क्षणाचाही वेळ न घेता सांगितलं, "थांब." थांब, पडशील. थांब, मी करतो. थांब, आधी यांचं होऊ दे.

हे उन्हाळी शिबिर त्या शब्दाशी झगडतं. दहा दिवस.

[दृश्य : फाटक. गाड्या येतायत. सामान, पिशव्या, उशा.]

पहिला दिवस शिबिरार्थींचा कमी आणि आयांचा जास्त असतो. त्यांनी महिनाभर आधी भरून दिलेला फॉर्म पंधरा पानांचा आहे, तरी प्रत्येकीला तो तोंडी पुन्हा सांगायचाच असतो. कोणत्या कुशीवर झोपतो. घास किती मऊ लागतो. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, किती तासांनी. दुखलं तर रडत नाही, हसतो. तेव्हा हसला की बघा. फॉर्ममधला मला सगळ्यात आवडलेला प्रश्न सातव्या पानावर आहे : 'नाही म्हणायचं असेल तर कसं म्हणतो?' काही पालक तिथे अडखळतात. एका वडिलांनी ती जागा कोरी सोडली होती. नर्सने त्यांना खुर्ची दिली, पेन दिलं आणि स्वतः दुसऱ्या टेबलावर निघून गेली.

औषधं मूळ पाकिटात आणायची, घरच्या डबीत नाही. नर्स एकेक गोळी मोजते, लिहिते, पालकांची सही घेते. चाळीस माणसांच्या सकाळच्या गोळ्या लावायला दोन नर्सना तास लागतो. त्या तासात त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही, कॅमेरावाल्यांनी तर नाहीच.

मग एक आई गाडीत जाऊन बसली. गाडी सुरू केली नाही. वीस मिनिटं तशीच बसली होती. नंतर तिने सांगितलं, नऊ वर्षांत सलग रात्रभर झोपलेली नाही. मुलाला दर तीन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाहीतर बेडसोर होतात. शिबिरामागच्या कारणांत हेही एक कारण आहे, आणि ते उघड बोललं पाहिजे. सांभाळणाऱ्यांना सुट्टी लागते. ती मागताना त्यांना अपराधी का वाटावं, हे मला कळत नाही.

[दृश्य : स्वयंसेवकांचं प्रशिक्षण. जोड्या करून बसलेत. एकाच्या डोळ्यांवर पट्टी.]

स्वयंसेवक बहुतेक कॉलेजातले. दोन दिवस आधी येतात. हा त्यांचा तास : एकमेकांना भरवायचं. डोळे बांधून बसलेल्याला कळत नाही चमचा कधी येणार, किती भरलेला असणार. पहिल्याच घासाला चमचा दातांवर आपटतो. भरवणारा गप्पा मारतोय शेजारच्याशी. पाच मिनिटांनी पट्टी सोडल्यावर ही मुलगी काय म्हणाली ऐका.

[आवाज, स्वयंसेविका : "मला वाटलं, मी इथे नाहीचए."]

आकडी आली तर घड्याळ बघायचं, कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर लागलीच नर्सला, औषधाला, गाडीला हाक. डाऊन सिंड्रोम (जन्मतः एक गुणसूत्र जास्त) असलेल्या काहींच्या मानेचे वरचे मणके सैल असतात. डॉक्टरांचा कागद नसेल तर कोलांटीउडी नाही. आणि फुगे नाहीत. पताका आहेत, दिवे आहेत, पण इतक्या मोठ्या जागेत एकही फुगा नाही. स्पायना बिफिडा (जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला) असलेल्या अनेकांना लहानपणापासूनच्या शस्त्रक्रियांमुळे लेटेक्सची, म्हणजे फुग्यातल्या रबराची, ॲलर्जी झालेली असते, म्हणून.

शेवटचा नियम भिंतीवर हाताने लिहिलाय : मदत करण्याआधी मनात दहा आकडे मोज.

[दृश्य : जुनी कृष्णधवल छायाचित्रं. डोंगर, लाकडी खोल्या, व्हीलचेअरवरचे तरुण.]

जरा मागे जाऊ. न्यूयॉर्क राज्यात, कॅट्सकिलच्या डोंगरात १९५१ साली कॅम्प जेनेड सुरू झालं. अपंग मुलांचं उन्हाळी शिबिर. ब्रुकलिनची ज्युडी ह्यूमन तिथे नऊ वर्षांची असताना पहिल्यांदा गेली. दीड वर्षाची असताना पोलिओ झालेला. पाचव्या वर्षी शाळेत नाव घालायला गेली, तर शाळेने नाकारलं : व्हीलचेअर म्हणजे आग लागली तर अडथळा. शिबिरात मात्र तिच्याभोवती सगळीच चाकं होती. रात्री मुलंमुली खोल्यांमधून बोलत बसायची : आईवडील फार जपतात, बसमध्ये चढता येत नाही, प्रेमात पडायचं कसं. दिवसा पोहणं, बेसबॉल, गाणी. वरवर पाहता बाकी काहीच नाही.

पण अडथळा न ठरता जगायची सवय उतरत नाही. ह्यूमन शिक्षिका व्हायला निघाली तेव्हा न्यूयॉर्कच्या शिक्षण मंडळाने परवाना नाकारला. १९७० मध्ये ती कोर्टात गेली आणि शिक्षिका झाली. सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांनी अपंगांशी भेदभाव करू नये, असं अमेरिकेच्या १९७३ च्या कायद्याचं कलम ५०४ सांगत होतं, पण त्याचे नियम चार वर्षं सहीसाठी पडून राहिले. एप्रिल १९७७ मध्ये शंभराहून अधिक अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कार्यालयात शिरली आणि जवळपास चार आठवडे हललीच नाहीत. औषधं, कॅथेटर, कूस बदलणं, सगळं तिथेच, एकमेकांच्या मदतीने. सह्या झाल्या. त्या गर्दीत जेनेडचे जुने शिबिरार्थी होते. रात्रभर एकमेकांना सांभाळत राहायचं कसं, हे त्यांना वेगळं शिकवावं लागलं नाही. जेनेड त्याच वर्षी बंद पडलं.

दुसरी गोष्ट एका परसबागेची. अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये युनिस केनेडी श्रायव्हर (राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांच्या बहीण) यांनी १९६२ च्या उन्हाळ्यात घरामागच्या मोकळ्या जागेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी शिबिर भरवलं. त्यांची बहीण रोझमेरी हिलाही बौद्धिक अपंगत्व होतं. त्या काळी अशा मुलांना संस्थेत ठेवायचं आणि विसरायचं, ही रीत. इथे ती मुलं घोड्यावर बसली, पोहली, चेंडू मारू लागली. सहाच वर्षांनी, २० जुलै १९६८ रोजी, शिकागोच्या सोल्जर फील्डवर बौद्धिक अपंगत्व असलेल्या खेळाडूंचं पहिलं स्पेशल ऑलिम्पिक्स झालं.

[दृश्य : दुपार. सावल्या आखूड. स्प्रेची बाटली घेऊन फिरणारा मुलगा.]

उन्हाळी शिबिराचा खरा शत्रू ऊन. या मुलाच्या हातातली बाटली खेळणं वाटेल, पण तो कामावर आहे. मणक्याला वरच्या बाजूला इजा झाली असेल, तर त्याखालच्या अंगाला घाम येत नाही. आकडीवरच्या काही औषधांनीही घाम कमी होतो. शरीर तापत जातं आणि वरून कोरडं दिसतं. म्हणून दर अर्ध्या तासाने मानेवर, हातांवर पाण्याचा फवारा. काही गोळ्यांनी कातडी उन्हात लवकर भाजते, त्यांची यादी वेगळी. व्हीलचेअरची लोखंडी कड दुपारी चटका देते, आणि पायांना संवेदना नसलेल्या माणसाला तो कळतच नाही. म्हणून सगळ्या खुर्च्यांच्या कडांना कापड गुंडाळलंय. हे ज्याला पहिल्यांदा सुचलं, त्याला मी एक सलाम देणं लागतो.

मग आत कोंडून का ठेवत नाहीत? सोपं पडलं असतं. रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ मध्ये एक लेख लिहिला होता, बौद्धिक अपंगत्व असलेल्या माणसांना धोका पत्करण्यातही सन्मान असतो, अशा अर्थाचा. शिबिरात ते शब्द कुणाच्या तोंडी नाहीत. इथे एक पर्यवेक्षक दोराच्या झुल्याखाली उभा राहतो आणि म्हणतो, "खरचटेल. चालेल ना?" वरून उत्तर येतं, "चालेल!"

खरचटलं. गुडघ्यावर पट्टी मिरवत तो मुलगा दिवसभर फिरला.

[दृश्य : संध्याकाळ. बाकावर दोन बायका, वय पन्नाशीच्या पुढे.]

मुलांच्या शिबिरानंतर मोठ्यांचं शिबिर. देणगीदारांना मुलांचे फोटो आवडतात, त्यामुळे मोठ्यांसाठी पैसा नेहमीच कमी पडतो. या बाईंना डाऊन सिंड्रोम आहे, वय ५३. अमेरिकेतल्या नोंदींनुसार १९८३ च्या सुमाराला या माणसांचं सरासरी आयुष्य २५ वर्षांच्या आसपास होतं. आता ते साठीला टेकलंय. आनंदाचीच गोष्ट. पण त्याचा अर्थ असाही, की यांची आई ऐंशीला आलीय आणि मुलीला एकदाही परक्या घरी झोपायची सवय नाही. शिबिरातल्या या रात्री त्याची रंगीत तालीम आहेत. आईचीही.

मोठ्यांच्या शिबिरात दोन नियम बदलतात. एक : अठरा वर्षांवरच्या कुणालाही 'बाळा', 'सोन्या' म्हणायचं नाही; समोरचा स्वतःहून 'अरे म्हण' म्हणेपर्यंत 'अहो'. या बाकावरच्या ताईंना पहिल्या दिवशी 'अहो' ऐकून मागे वळून बघावंसं वाटलं होतं, कुणाला हाक मारतायत ते. दोन : झोपायची वेळ ठरलेली नाही. वाचायला किरकोळ वाटतं. पण यांतले बरेच जण मदतनिसांच्या ड्युटीनुसार जगतात. पाळी आठला बदलते, म्हणून साडेसातला अंथरुणात. चाळिशीतला माणूस, उन्हाळ्यात, बाहेर अजून उजेड असताना.

अशी वेगळी शिबिरं असावीत का, की सगळ्यांनी एकाच शिबिरात जावं, हा वाद जुना आहे. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार, त्याचं कलम ३०, खेळ आणि विरंगुळा इतरांच्या बरोबरीने मिळावा असं सांगतं. म्हणजे नेहमीच्या शिबिराने 'आमच्याकडे रॅम्प नाही, तुम्ही तिकडे जा' म्हणणं ही पळवाट झाली. तरीही मला वेगळ्या शिबिराची गरज पटते. शंभरात एकच व्हीलचेअर असली, की तिच्यावरचा माणूस दहा दिवस उत्तरंच देत बसतो. इथे कुणी विचारत नाही काय झालं म्हणून.

[दृश्य : रात्र. शेकोटी. गिटार.]

शेवटची रात्र. दहा वाजून गेलेत. गिटारवाला स्वयंसेवक तिसरं गाणं संपवतोय. डावीकडच्या खुर्चीतल्या गृहस्थांकडे बघा. वय ४१. बोलता येत नाही, हात वळत नाहीत. डोळे मात्र नेमके जातात. स्वयंसेविकेच्या हातात पारदर्शक प्लास्टिकचा अक्षरतक्ता आहे. ते एका अक्षराकडे बघतात, ती मोठ्याने म्हणते. वर बघितलं की बरोबर, डोळे मिटले की चूक.

ब. वर. मात्रा. 'बे'.

तिच्याच्याने राहवत नाही. "बेडवर जायचंय?"

डोळे मिटतात. घट्ट.

ती ओशाळते. ओठ हलताना दिसतायत ना? दहा आकडे मोजतेय. गिटार थांबलंय, सगळे थांबलेत. पुढचं अक्षर : स. मग दीर्घ उकार. लाकूड तडतडतं. र.

"बेसूर!"

शेकोटीभोवती हशा उसळतो. गिटारवाला दोन्ही हात जोडतो, तार पिळतो आणि तेच गाणं पुन्हा सुरू करतो.

[दृश्य : गृहस्थांचा चेहरा. डोळे मिटतात. उघडतात. पुन्हा मिटतात.]