मागं कोण नाही ना

(सकाळ. शेततळ्याचा बांध. फक्त दोरीचा आवाज.)

हा जो सूंऽऽ असा आवाज येतोय ना, तो वाऱ्याचा नाही, दोरीचा आहे. हळदीच्या रंगाची जाडसर दोरी, साधारण ९० फूट लांब, आणि ती हवेत फिरवतीय ती माझी आई. मासे धरायची ही एक पद्धत आहे, फ्लाय फिशिंग म्हणतात. वय ५६. उजव्या हाताला ती अंगाच्या रंगाची घट्ट बाही दिसतीय बघा, ती डॉक्टरांनी दिलीय, त्याचं पुढं सांगते.

जागा म्हणजे माझ्या मामाचं शेततळं, तासगाव तालुक्यात, एका बाजूला द्राक्षबाग आणि दुसऱ्या बाजूला मोकळं रान. तळ्याला प्लास्टिकचा कागद आहे, त्यावरनं पाय घसरला तर वर येणं अवघड, म्हणून मामानं कडेनं दोर बांधून त्याला ट्यूब अडकवून ठेवलीय आणि आई एकटी कधीच बांधावर जात नाही. पाण्यात कटला-रोहू मामानं सोडलेत, चिलापी मात्र कुणी न सोडता आलीय, ती सगळीकडंच येते.

आपल्याकडं गळ टाकायचा म्हणजे गळाला गांडूळ नाहीतर कणकेची गोळी लावायची, वर शिशाचा तुकडा बांधायचा, आणि फेकलं की त्या शिशाच्या वजनानं दोरा पाण्यात जातो. फ्लाय फिशिंगमध्ये नेमकं उलटं आहे. गळाला जे बांधलेलं असतं ते पिसाचं आणि दोऱ्याचं, माशी नाहीतर किड्यासारखं दिसणारं, त्याला वजन असं नाहीच, फुंकर मारली तर उडेल. मग ते लांब जाणार कसं, तर वजन दोरीतच असतं. काठी ९ फुटाची, हातात घेतली तर विश्वास बसत नाही इतकी हलकी. ती मागं न्यायची, डोक्याच्या थोडी मागं गेली की थांबवायची, आणि दोरी आपल्या पाठीमागं उलगडून सरळ होईपर्यंत वाट बघायची, मगच पुढं. घाई केली की चाबूक ओढल्यासारखा फाट करून आवाज येतो आणि पुढची माशी तुटून जाते. ताकद लावून काहीच होत नाही, उलट जास्त ताकदवान माणसाचीच दोरी आधी गुंतते, हे मी माझ्या मामेभावाच्या मित्रांचं डोळ्यांनी बघितलंय.

आता हात.

२०२२ च्या दिवाळीनंतर आईला अंघोळ करताना उजव्या स्तनात गाठ लागली. तिनं पंधरा दिवस कुणाला सांगितलं नाही, पाहुणे होते, फराळ होता, मग भाचीचं साखरपुड्याचं काहीतरी होतं. सांगितलं तेव्हा मिरजेला नेलं, तपासण्या, ऑपरेशन, सगळं पटापट झालं. ऑपरेशनमध्ये काखेतल्या गाठी पण काढल्या. या गाठी हातातलं पाणी वाहून नेण्याचं काम करतात, त्या नसल्या की हात सुजू शकतो आणि साधी जखम पण चिघळू शकते, म्हणून त्या हाताला सुई नाही, बीपीचा पट्टा नाही, चटका नाही, विळीवर कापून घ्यायचं नाही. मग केमो. आधी लाल औषधाच्या सायकल, केस गेले, तोंड आलं, नंतर दुसरं औषध सुरू झालं आणि त्यानं बोटांची टोकं बधिर झाली, तांदूळ निवडताना खडा हाताला कळायचा नाही. मग रेडिएशन.

हे सगळं आईनं सोसलं. अडलं ते व्यायामापाशी. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटांनी भिंत चढत जायचं, रोज थोडं वर, पेन्सिलनं खूण करायची. ऑपरेशनची जागा आणि काख आखडून बसू नये म्हणून हे करावंच लागतं. आमच्या हॉलच्या भिंतीवर अजून त्या खुणा आहेत, खांद्याच्या उंचीला सगळ्या एकमेकींवर, एक पण वर गेलेली नाही. आणि आम्ही घरातले सगळे रोज विचारणार, आज किती वर गेला? सांगलीत पावसाळ्यात जसं जो तो विचारतो आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला, पाणी किती फूट, तसं. ४० ला इशारा, ४५ ला धोका, २०१९ च्या ऑगस्टमध्ये ५७ च्या वर गेलं होतं पाणी, तेव्हापासून आमच्याकडं आकडा विचारणं ही सवयच झालीय, आणि तीच सवय आम्ही आईच्या हाताला लावली. एक दिवस ती म्हणाली, "त्या भिंतीच्या वर आहे तरी काय? मी कशाला चढू?" मला उत्तर आलं नाही. आजही त्या दिवसाचं वाईट वाटतं, कारण प्रश्न बरोबर होता.

(मामाचं घर, ओटा.)

रेडिएशन झाल्यावर विश्रांतीला म्हणून ती इथं मामाकडं आली. मामेभाऊ पुण्यात नोकरीला, तिथं कुणाकडनं तरी हे फ्लायचं शिकून आलेला, सुट्टीला आला की तळ्यावर काठी घेऊन उभा. आई लिंबाखाली खुर्ची टाकून बघत बसायची. तिचं माहेर येरळेच्या काठचं, लहानपणी आजोबांबरोबर वेळूची काठी घेऊन नदीवर जायची, फ्रॉकात गांडूळांचा डबा, हे सगळं मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. इतक्या वर्षात तिनं कधी सांगितलं नव्हतं आणि आम्ही कधी विचारलं नव्हतं. चौथ्या दिवशी ती उठली आणि म्हणाली, "दे बघू."

तो घाबरला. "आत्ती, हाताला झेपायचं नाही." मग मीच डॉक्टरांना आणि फिजिओथेरपीवाल्या मॅडमना फोन केला. मॅडमनी काठीचं वजन विचारलं, हालचाल कशी असते ते व्हिडिओवर बघितलं, आणि म्हणाल्या चालेल, बाही घालून, सुरुवातीला दहाच मिनिटं, सूज किंवा जड वाटलं की लगेच बंद. पहिले तीन आठवडे गळ लावलाच नाही, टोकाला लोकरीचा तुकडा बांधून मोकळ्या रानात नुसतं टाकायचं. द्राक्षाच्या बाजूला नाही, तिथं मागं तारा आहेत, दोरी अडकते, एकदा अडकली तेव्हा अख्खा मांडव हलला आणि मामा धावत आला.

सुरुवात करताना कोपर अंगाजवळ, मनगट घट्ट, आणि दोरी वर मागं जायला हवी म्हणून हात आपोआप वर. ती हाताकडं बघतच नव्हती, ती दोरीकडं बघत होती. दीड महिन्यानं मी मागनं शूट करत होते आणि मला स्क्रीनवर दिसलं की आईचं कोपर कानाच्या रेषेत आलंय. मी काही बोलले नाही. आकडा विचारायचा नाही असं मी ठरवलं होतं.

नंतर शोधताना कळलं की अमेरिकेत व्हरमाँट राज्यात १९९६ मध्ये 'कास्टिंग फॉर रिकव्हरी' म्हणून एक संस्थाच सुरू झालीय, स्तनाचा कॅन्सर झालेल्या बायकांना फ्लाय फिशिंग शिकवणारी, फुकट. कारण तेच, ऑपरेशननंतर जो हळूवार ताण द्यायला सांगतात तशीच ही हालचाल आहे. मी आईला फोटो दाखवले, पाण्यात उभ्या असलेल्या बायका. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "यांचा पण हात असाच अडकायचा का गं?" मी म्हटलं हो. एवढंच. पण त्या रात्री ती चांगली झोपली.

एक गोष्ट स्पष्ट सांगते, कुणी चुकीचं ऐकू नये. या छंदानं कॅन्सर बरा होत नाही. आई आज इथं उभी आहे ती ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनमुळं, आणि अजून रोज एक गोळी चालू आहे, तिनं सांधे दुखतात, सकाळी मूठ वळायला वेळ लागतो. मूठ वळली की मग काठी.

(टेबल. छोटा शिकंजा, पिसं, दोरे.)

माशी बांधायला ती स्वतः शिकली. शिकंज्यात गळ पकडायचा, त्यावर दोरा गुंडाळत जायचं, लोकर, मग कोंबड्याच्या मानेचं पीस गोल गोल. पीस मामाच्या गावठी कोंबड्याचं, दोरा शिलाई मशीनचा, आणि ती चकाकणारी तार आहे ना, ती आजीच्या जुन्या साडीच्या काठातली जर आहे. बधिर बोटांनी पहिली माशी बांधायला तिला दोन दिवस लागले. आता चहा गाळून होईपर्यंत एक होते. ही जी झुबकेदार शेपटीची काळी आहे तिला वूली बगर म्हणतात, आमच्या चिलापीला हीच लागते.

गळाचा उलटा काटा ती पकडीनं आधीच दाबून सपाट करते. एक म्हणजे टोचला तर लगेच निघावा, तिच्या हाताला जखम परवडत नाही. दुसरं, माशाला पण. चिलापीच्या पाठीवर काटे असतात, म्हणून मासा धरायचा डाव्या हातानं, हातमोजा भिजवून, तोही पाण्यातच. माशाच्या अंगावर जो बुळबुळीत थर असतो तो कोरड्या हातानं निघून जातो आणि मग त्याला बुरशी, जंतू काय पण लागू शकतं. आई म्हणते, "त्याची कातडी त्याला सांभाळायचीय, माझी मला." आणि सोडून देते.

मामाला हे पटत नाही. "आक्का, सोडायचाच तर धरतीस कशाला?"

"तुला खायचाय तर जाळं टाक की."

गावातल्या एका बाईनं तोंडावर ऐकवलं, एवढं दुखणं झालं आणि ही मासे धरत फिरतीय. आई काही बोलली नाही, दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला बांधावर होती.

बरेच जण विचारतात, सांगलीला घर आहे, दारात कृष्णा आहे, मग इथं कशाला. तर भिलवडी, औदुंबर, या सगळ्या पट्ट्यात नदीत मगरी आहेत, माणसांवर हल्ले झालेत, तिथं पाण्यात उतरायचं नाव नाही. हरिपूरला संगमावर आम्ही जातो, पण घाटाच्या वरच्या पायरीवरनं, नुसती लोकर बांधून, सरावाला. समोरनं वारणा येऊन मिळते आणि संध्याकाळी दोरीवर ऊन पडतं, मला ती जागा फार आवडते.

तिच्या मनात आहे खडशी. म्हणजे दख्खनचा महसीर, १८३९ मध्ये साईक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं पुण्याच्या मुळा-मुठेतनं त्याची शास्त्रीय नोंद केली, टोर खुद्री. कृष्णेच्या खोऱ्यातला आपलाच मासा, ओढ असलेल्या खडकाळ पाण्यातला. पावसाळ्यात मासे अंडी घालतात तेव्हा आई काठी पुसून ठेवून देते. पाऊस सरला की पाटणकडं कोयनेच्या काठी जायचं, परवानगी काढून, असं ठरलंय. त्याआधी पुढच्या मंगळवारी मिरजेला फॉलोअप आहे, सोनोग्राफी, मॅमोग्राफी, रक्त. रिपोर्ट येईपर्यंतचे दोन दिवस घरात कुणी धड जेवत नाही. त्या दोन दिवसांसाठी तिनं गळांचं एक नवीन पाकीट न उघडता ठेवलंय.

(परत बांध. ऊन वर आलेलं.)

प्रत्येक वेळी दोरी उचलायच्या आधी ती अशी मान वळवून मागं बघते. मागं झाड नाही ना, तार नाही ना, माणूस नाही ना.

"अगं, तू मागं उभी आहेस. सरक जरा."

मी ट्रायपॉड उचलला आणि लिंबाखाली गेले.